विंडोज बदलायची आहे? आधी जुनी डिस्क, फॉन्ट आणि तीन लिप्या सांभाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार (सपोर्ट) थांबवला. तेव्हापासून बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात जुन्या डेस्कटॉपवाल्यांपुढे एकच प्रश्न आहे: मशीन चालू आहे, टॅली उघडतंय, प्रिंटर छापतोय, मग हात कशाला लावायचा? लावायला हवा. सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं की त्या मशीनवरून बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार करणं दिवसेंदिवस धोक्याचं होत जातं. नव्याने सापडलेली भोकं मग कोणी बुजवत नाही.

इन्स्टॉल करणं आता अवघड राहिलेलं नाही. एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान डिस्कवर, विंडोज अर्ध्या-पाऊण तासात बसते. गाडं अडतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. लग्नपत्रिकेची जुनी फाईल उघडावी तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, दूध संस्थेचं बिलिंग सुरूच होत नाही, पंचायतीला कन्नडमध्ये पत्र द्यायचंय तर कीबोर्डच सापडत नाही. आपल्या सीमाभागातला कॉम्प्युटर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत काम करतो. ‘फॉर्मॅट मारून देतो’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा फक्त इंग्रजी असते. म्हणून मी इथे प्रत्यक्ष इन्स्टॉलइतकाच वेळ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला देणार आहे.

कोणता रस्ता घ्यायचा

स्टार्टवर क्लिक करून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि उघडा. त्यात चार गोष्टी पाहून कागदावर उतरवा: प्रोसेसर, रॅम, बायोस मोड (बायोस म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी सुरू होणारा बोर्डचा प्रोग्राम) आणि सिस्टिम टाईप.

विंडोज ११ ला ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी सोय) लागतं. ४ जीबीवर ती बसते, पण काम करताना जीव नकोसा होतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर विंडोज ११ च्या नादी लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा चालतो. ओळखायचा कसा? आय-५ च्या पुढचा आकडा बघा. ८४०० असेल तर आठवी पिढी, ७५०० असेल तर सातवी, १०४०० असेल तर दहावी. एएमडी रायझेनमध्ये २००० मालिकेतले बरेच प्रोसेसर चालतात, पण सगळे नाही. आकड्यांत अडकायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप चालवा, ते सरळ हो किंवा नाही सांगतं.

‘नाही’ आलं तरी लगेच मशीन भंगारात काढू नका, कारण नीट वाचा. अनेक असेंबल्ड मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते ‘पीटीटी’ नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ नावाने. ते चालू करून पुन्हा तपासा. मात्र बायोसमध्ये हात घालण्याआधी डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर स्वतःच्याच डेटाला मुकाल.

कारण प्रोसेसरच असेल तर तीन वाटा उरतात. पहिली, विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट. वैयक्तिक वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी मशीनवर २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि नोंदणी ‘विंडोज अपडेट’च्या पानावरूनच होते. नवं मशीन घेण्याआधी जरा सवड हवी असेल तर हे ठीक आहे. दुसरी वाट विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्सची, तिच्याबद्दल पुढे लिहितो. तिसरी वाट म्हणजे रूफस हे पेनड्राईव्ह बनवायचं सॉफ्टवेअर वापरून तपासण्या बंद करायच्या आणि विंडोज ११ जबरदस्तीने बसवायची. ती बसते, हे खरं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरी शिकण्यासाठी खुशाल करा, पण ज्या मशीनवर दुकानाचा हिशेब आहे तिथे करू नका.

मशीन ३२-बिट विंडोजवर चालत असेल तर तेही आत्ताच लिहून ठेवा. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, नव्यानेच बसवावी लागते. शिवाय त्याचा एक मोठा परिणाम जुन्या प्रोग्रामवर होतो.

मशीनवर काय काय पडलंय

इथे घाई करू नका, अख्खी दुपार द्या.

बहुतेक लोक डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स एवढंच कॉपी करतात. कामाच्या फाईल मात्र भलत्याच ठिकाणी असतात. टॅलीचा डेटा कुठे आहे ते कंपनी निवडायच्या पडद्यावर दिसतं. तो पाथ बघून पूर्ण फोल्डर उचला. टॅलीमधून एक बॅकअपही वेगळा घ्या. फॉर्मॅट करण्याआधी टॅलीचं लायसन्स हेल्प मेनूतून ‘सरेंडर’ करा, म्हणजे नव्या विंडोजवर ते बिनतक्रार चालू होईल. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाईल, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, स्कॅनरने कुठल्या कोपऱ्यात साठवलेल्या प्रती, हे सगळं शोधा. डिजिटल सहीचा टोकन असेल तर त्याचा ड्रायव्हर कोणत्या कंपनीचा आहे ते लिहून ठेवा.

आता फॉन्ट. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) रुळण्याआधीची मराठी डीटीपी, म्हणजे छपाईसाठीची अक्षरजुळणी, श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी अशा फॉन्टवर चालायची, आणि पुष्कळ प्रेसमध्ये ती आजही चालते. या फाईलमध्ये खरं तर मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, आणि फॉन्ट त्या कोडच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की फाईल शाबूत असूनही वाचता येत नाही. कन्नडचं हेच. कन्नड गणक परिषदेने बनवलेलं नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं, आणि त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईल पंचायतीतून, शाळेतून, वकिलांकडून आपल्याकडे येत राहतात. त्यामुळे सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ हा पूर्ण फोल्डर कॉपी करून ठेवा. कोणता लागेल, कोणता नाही, ते निवडत बसू नका.

फॉन्ट ठेवले म्हणजे काम संपलं असं नाही. ज्या फाईल पुन्हा बदलायच्या नाहीत, फक्त जपायच्या आहेत, त्यांची जुन्या मशीनवर असतानाच पीडीएफ करा. मंडळाचे जुने अहवाल, संस्थेची इतिवृत्तं, शाळेचे दाखल्याचे नमुने, वंशावळी, असं सगळं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, त्यामुळे ती कुठल्याही मशीनवर तशीच दिसते. ज्या फाईल पुढेही वापरायच्या आहेत त्या हळूहळू युनिकोडमध्ये नेऊन ठेवा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात आणि नुडीमध्येही रूपांतराची सोय आहे. रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.

श्री-लिपीची जुनी आवृत्ती हार्डवेअर लॉकवर, म्हणजे आपण ज्याला डोंगल म्हणतो त्यावर चालत असेल तर आधी चौकशी करा. तो लॉक प्रिंटरच्या जुन्या २५ पिनांच्या पोर्टला लागणारा असेल तर नव्या बोर्डवर तो पोर्ट बहुधा नसतो. यूएसबीचा असेल तर त्याचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते बघा. मिळेपर्यंत जुन्या मशीनला हात लावू नका.

आणि डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातले प्रोग्राम. दूध संस्था, पतसंस्था, तंबाखूच्या वखारी, किराणा होलसेल अशा ठिकाणी फॉक्सप्रोवर बांधलेली जुनी बिलिंग अजून सापडतात. काळा पडदा, पिवळी अक्षरं आणि शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. हे १६-बिट प्रोग्राम ३२-बिट विंडोजवर चालायचे, ६४-बिटवर ते सुरूच होत नाहीत. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. डॉसबॉक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर नव्या मशीनवर टाकून त्यात तो प्रोग्राम चालतो का ते पाहायचं. पडदा बहुतेक वेळा दिसतो, छपाईला मात्र खटपट करावी लागते. नाहीतर जुनं मशीन तसंच ठेवायचं, त्याची इंटरनेटची केबल कायमची काढायची आणि रोजचा डेटा पेनड्राईव्हने बाहेर घ्यायचा. गावातल्या पन्नास घरांचं दुधाचं बिल त्या प्रोग्रामवर निघत असेल, तर दुसरा पर्याय अगदी सन्मानाचा आहे.

जुनी डिस्क फॉर्मॅट करूच नका

एवढी एकच गोष्ट ऐकलीत तरी लेख लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन. जुनी हार्ड डिस्क पुसून तिच्यावरच विंडोज टाकण्यापेक्षा २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी घ्या, तिच्यावर विंडोज बसवा आणि जुनी डिस्क जशी आहे तशी काढून ठेवा. तिच्यावर तारीख आणि मशीनचं नाव लिहून चिठ्ठी चिकटवा. काही राहून गेलं असं महिन्याने लक्षात आलं तर ती यूएसबीच्या केसमध्ये घालून फाईल काढता येते. मशीनचा वेगही वाढतो. सहा-सात वर्षं जुन्या आय-३ ला एसएसडी लावली की रॅम न वाढवताही फरक समोर दिसतो.

तरीही बॅकअपची एक वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्याच. जुनी डिस्क जुनी आहे, ती काढता-ठेवताना कधी बंद पडेल याचा नेम नसतो. प्रत घेतल्यावर दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरवर तिच्यातल्या चार-पाच फाईल उघडून बघा, एक मराठी, एक कन्नड, एक टॅलीची.

पेनड्राईव्ह तयार करणं

किमान ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या. त्याच्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, हे लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवा, ते स्वतःच विंडोज ११ डाउनलोड करून पेनड्राईव्ह बनवतं. फाईल ५ जीबीच्या वर जाते. मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे जमत नाही. ज्याच्याकडे फायबर आहे अशा मित्राकडे पेनड्राईव्ह घेऊन जा, आणि त्याच्याच मशीनवर बनवून आणा.

कुणीतरी टेलिग्रामवर दिलेली, ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेली’ विंडोज कधीही टाकू नका. ॲक्टिव्हेटर म्हणून जो प्रोग्राम चालवला जातो तो अँटिव्हायरस बंद करायला लावतो आणि मशीनची पूर्ण मालकी घेतो. त्याच मशीनवर तुम्ही उद्या बँकेचा ओटीपी टाकणार असता. शिवाय त्याची बहुधा गरजच नसते. मशीनवर आधी अस्सल विंडोज १० असेल तर तिचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, आणि विंडोज ११ त्याच लायसन्सवर फुकट चालते. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलंय का आणि आवृत्ती होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो, हे दोन्ही उतरवून घ्या. इन्स्टॉल करताना चुकीची आवृत्ती निवडली तर ॲक्टिव्हेशन होत नाही.

दुसऱ्या पेनड्राईव्हवर बोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून लॅन आणि वाय-फायचा ड्रायव्हर घेऊन ठेवा. प्रिंटरचाही घ्या.

लाईट

जून ते सप्टेंबर खानापूर, चंदगडच्या बाजूला पाऊस लागला की लाईटचा भरवसा नसतो. इन्स्टॉल अर्ध्यात असताना लाईट गेली तर एसएसडीवर ते पुन्हा करता येतं, नुकसान वेळेचंच. पण चालू विंडोजवरून अपग्रेड करताना किंवा बायोस अपडेट करताना लाईट गेली तर मशीन उठेलच असं नाही. त्यामुळे यूपीएस आधी तपासा: मशीन चालू असताना मेन स्विच बंद करा आणि १५ मिनिटं टिकतो का बघा. दोन मिनिटांत ओरडून बंद पडत असेल तर आधी बॅटरी बदला. पाऊस धरलेल्या दुपारी हे काम सुरू करू नका.

चालू विंडोजवरच अपग्रेड

मशीन पात्र आहे, ६४-बिट आहे, एसएसडी आधीच आहे आणि विंडोज १० नीट चालतेय, अशांनी नव्याने बसवायची गरज नाही. ‘विंडोज अपडेट’मध्ये विंडोज ११ चा पर्याय दिसत असेल तर तिथूनच घ्या. दिसत नसेल तर पेनड्राईव्ह चालू विंडोजमध्येच लावून त्यातलं ‘सेटअप’ चालवा. पुढे काय ठेवायचं असं विचारेल, तिथे वैयक्तिक फाईल आणि ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडा. तो पर्याय फिकट दिसत असेल तर थांबा. पेनड्राईव्हवरची भाषा किंवा आवृत्ती आत्ताच्या विंडोजशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ.

सुरू करण्याआधी अँटिव्हायरस काढून टाका, नुसता बंद करू नका, आणि सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळी जागा करा. मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं, त्यात ढवळाढवळ करू नका. या पद्धतीत जुने फॉन्ट जागेवर राहतात. पसंत पडली नाही तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. त्यासाठी ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर त्या मुदतीत पुसू नका. श्री-लिपी, टॅली, प्रिंटर आणि सहीचा टोकन हे पहिल्याच दोन दिवसांत चालवून बघा, म्हणजे परतीचा दरवाजा उघडा असतानाच अडचण कळेल.

नव्याने बसवणं

मशीन बंद करा, वायर काढा, बाजूचं झाकण उघडा. नवी एसएसडी लावा आणि जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा. हे टाळू नका. दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या तर विंडोज कधी कधी सुरू होण्याच्या फाईल जुन्या डिस्कवर टाकते, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन उठत नाही. शिवाय चुकून जुनी डिस्क पुसली जाण्याची भीतीही राहत नाही.

पेनड्राईव्ह मागच्या बाजूच्या यूएसबीला लावा. मशीन चालू करताच बूट मेनूची की दाबत राहा. डेल, लेनोव्हो, एसर आणि गिगाबाईटच्या बोर्डवर ती एफ १२, एचपीवर एफ ९, एमएसआय आणि ॲसरॉकवर एफ ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डवर एफ ८. बायोसमध्ये शिरायला असेंबल्ड मशीनवर डिलीट, डेल-एसरवर एफ २, एचपीवर एफ १०. तिथे सीएसएम किंवा लेगसी (जुन्या बायोसच्या पद्धतीने सुरू होण्याचा) हा पर्याय बंद, सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू.

बूट मेनूत तुमचा पेनड्राईव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो: एकदा नुसतं नाव, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’. दुसराच निवडा. पहिला निवडला तर सुरुवातीला सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं आणि पुढे गाडी थांबते.

पुढे वेळ आणि चलन विचारेल तिथे ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवा. कीबोर्डही तोच. त्यात कंट्रोल, आल्ट आणि ४ एकत्र दाबलं की ₹ उमटतं. नंतर इन्स्टॉल विंडोज ११ निवडून सगळं पुसलं जाईल या वाक्यापुढे खूण करायला सांगेल. इथे लोक घाबरतात. जुनी डिस्क काढलेली असेल तर पुसण्यासारखं काही नाहीच, खूण करा. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, आवृत्ती मात्र तुम्ही लिहून ठेवलेलीच घ्या. मग डिस्कच्या यादीत फक्त ‘डिस्क ०’ आणि ‘अनअलोकेटेड स्पेस’ दिसायला हवं. तेच निवडून पुढे जा, पार्टिशन हाताने पाडायची गरज नाही. सी आणि डी असे दोन भाग करायची सवय आपल्याकडे फार आहे, पण २४० जीबीच्या एसएसडीवर सी अडचणीचा होतो आणि डी अर्धा रिकामा राहतो. एकच भाग ठेवा.

पहिल्यांदा मशीन बंद-चालू झालं की पेनड्राईव्ह पुन्हा निवडू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

इंटरनेट मागेल तेव्हा लॅन चालत नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोन ड्रायव्हर न मागता ओळखले जातात. मायक्रोसॉफ्टचं खातं टाकताना ते मालकाच्या ईमेलवर करा, बसवून देणाऱ्याच्या नाही. दुकानातल्या मुलाने स्वतःचं खातं टाकून दिलं आणि तो पुढे पुण्याला गेला, तर बिटलॉकरची की त्याच्या खात्यात अडकते.

तिन्ही लिप्या चालू करणं

‘विंडोज अपडेट’ दोन-तीनदा चालवून ड्रायव्हर पूर्ण झाले की सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथून लँग्वेज अँड रीजन. ‘ॲड अ लँग्वेज’ करून मराठी घ्या, मग कन्नड. विंडोजची दाखवायची भाषा इंग्रजीच राहू द्या. प्रत्येक भाषेच्या पर्यायांत जाऊन कीबोर्ड निवडा. दोन्ही भाषांना इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) आहे आणि फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने लिहिणं) आहे. इनस्क्रिप्टमध्ये मराठी आणि कन्नडची बहुतेक अक्षरं त्याच बटणांवर असतात, म्हणजे के दाबलं की मराठीत क आणि कन्नडमध्येही क. दोन्ही भाषांत रोज लिहिणाऱ्याने हा एकच शिकावा, आठवडाभराची मेहनत आयुष्यभर पुरते. फोनेटिक त्यांच्यासाठी, ज्यांना महिन्यातून एखादं पत्र लिहायचंय. एकातून दुसऱ्यात जायला विंडोजचं बटण आणि स्पेस.

नोटपॅड उघडून ‘दुसऱ्या वाऱ्यावर’ टाईप करा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे ने ऱ येतो, मग डी ने हलंत, मग य. र ला रफार न चढता अर्धा ऱ आडवा दिसला तर कीबोर्ड आणि फॉन्ट दोन्ही बरोबर आहेत. मग कन्नडमध्ये ‘बेळगावी’ आणि आपल्या गावाचं नाव. ही ओळ प्रिंटरवरही काढून बघा, कारण पडद्यावर बरोबर आणि कागदावर चौकोन असं होऊ शकतं.

आणखी एक खुबी. मंगल हा फॉन्ट नव्या विंडोजमध्ये सुरुवातीपासून नसतो. त्यामुळे मंगलमध्ये केलेलं पत्र उघडतं, पण निर्मला या दुसऱ्या फॉन्टमध्ये, ओळींची लांबी बदलते आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्या, त्यात मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता येतात. कन्नडचा तुंगा ‘कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स’मध्ये आहे. यानंतर तुमच्या बॅकअपमधले जुने श्री-लिपी, नुडीचे फॉन्ट निवडून, उजवं क्लिक करून इन्स्टॉल करा.

विंडोज ११ बसत नसेल तर: लिनक्स मिंट

चौथ्या किंवा सहाव्या पिढीचं मशीन, काम ब्राउझर, पत्रव्यवहार, एक्सेलसारखे तक्ते आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल, तर लिनक्स मिंट मी मनापासून सुचवतो. २ जीबी रॅमवर ते सुरू होतं, ४ जीबीवर आरामात चालतं, डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, आणि लायसन्सचा प्रश्नच नाही. टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही. कॅनन एलबीपी २९०० हा आपल्याकडचा घरोघरी दिसणारा प्रिंटर आपोआप ओळखला जात नाही, वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. सहीच्या टोकनचंही आधी विचारून घ्या. या तिन्हीपैकी काही रोज लागत असेल तर घाई नको.

मिंटची मोठी सोय अशी की बसवण्याआधी चालवून बघता येतं. मिंटच्या संकेतस्थळावरून तिची आयएसओ फाईल उतरवा, रूफस किंवा बालेना एचरने पेनड्राईव्ह बनवा, आणि त्यावरून मशीन सुरू करा. डिस्कला हात न लागता पूर्ण मिंट समोर येतं. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, सगळं तिथेच तपासा. पटलं तरच डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर क्लिक करा. मल्टिमीडिया कोडेकच्या प्रश्नाला होकार द्या. पूर्ण नवी एसएसडी असेल तर ‘डिस्क पुसून बसवा’ हा पहिलाच पर्याय पुरेसा. विंडोजही शेजारी ठेवायची असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर काढा, नाहीतर मिंटला विंडोजच्या भागात लिहिता येत नाही.

बसवून झाल्यावर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवा. मराठी इनस्क्रिप्ट आहेच. पण ज्यांचा हात नुडीच्या कन्नड कीबोर्डवर बसलाय त्यांच्यासाठी लिनक्समध्ये कन्नड ‘कागापा’ लेआउट आहे, आणि त्याच धर्तीवर मराठीचाही ‘कागापा’ आहे. कागापा म्हणजे कन्नड गणक परिषदच. तहसील कचेरीबाहेर बसून दोन्ही भाषांत अर्ज लिहून देणाऱ्यांना याचा फार उपयोग होईल, बोटांना नवीन काही शिकवावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी ‘टाइमशिफ्ट’ उघडून सिस्टिमचा एक स्नॅपशॉट घ्या, आणि आठवड्याला एक असं वेळापत्रक लावा. तो सिस्टिमचाच असतो, तुमच्या फाईलची प्रत वेगळीच ठेवावी लागते. पुढे मिंटची नवी आवृत्ती आली की अपडेट मॅनेजरमध्येच तसा पर्याय दिसतो. २२.१ वरून २२.२ असं जाणं म्हणजे नेहमीच्या अपडेटइतकंच सोपं. २१ वरून २२ वर जायला मात्र वेगळं अपग्रेडचं साधन चालवावं लागतं आणि त्याआधी ते टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट मागतं. मिंट २१ ला २०२७ पर्यंत अपडेट आहेत, त्यामुळे त्यावर असणाऱ्यांनी पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत हे काम काढलं तरी चालेल.